'ग्लूटेन फ्री' डब्यातला माल्ट आणि माझे ३६,५०९ रुपये

३६,५०९ रुपये. आकडा पूर्ण लिहितेय, कारण घरात आजवर मी तो 'वीस-बावीस हजार' असाच सांगत आले. ९९९ नोंदणीचे, १८,४०० पहिल्या तीन महिन्यांच्या किटचे, २,३६० कसल्याशा लॅब रिपोर्टचे आणि १४,७५० 'दुसऱ्या टप्प्याचे'. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण ज्या लेकीला दोन वर्षं गव्हाच्या कणापासून जपलं, तिला मीच रोज सकाळी दुधातून माल्ट पाजला, हे मला रात्री झोपू देत नाही.

लेक अकरा वर्षांची आहे. सिलिअ‍ॅकचं निदान झालं तेव्हा नऊची होती. या आजारात गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतडं खराब होतं. हिमोग्लोबिन ७.८, पोट फुगलेलं, वर्गात सगळ्यांत बुटकी. टीटीजी, म्हणजे ग्लूटेनचा त्रास दाखवणारी रक्ततपासणी, मग दुर्बीण आणि बायोप्सी. ज्यांच्या घरी हे आहे त्यांना पुढचं सांगायला नको. आम्ही घरघंटी घेतली, कारण गिरणीत आधीचं दळण गव्हाचं असलं की ज्वारीच्या पिठात गहू उतरतोच. हिंगाची डबी फेकली, त्यातही मैदा असतो. लग्नाकार्यात तिचा डबा वेगळा. टीटीजी २०० च्या वर होता, तो दीड वर्षात ३१ वर आला. एवढं सांभाळणारी तू फसलीस कशी, असं नातेवाईक विचारतात. त्यांनी आठवडाभर आयर्नचं औषध पिऊन ओकणाऱ्या पोरीजवळ बसावं आणि मग विचारावं.

कारण अडलं होतं ते आयर्नपाशी. लोह शोषलं जातं आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आणि सिलिअ‍ॅकमध्ये मार बसतो तोही तिथेच. आतडं भरून येईपर्यंत औषध द्या, पण लागू पडायला वेळ लागतो. मिरजेचे डॉक्टर हेच सांगत होते. हिमोग्लोबिन ९.४ वर अडकलं होतं, ड जीवनसत्त्व ११. मला धीर धरवला नाही.

अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक 'आहार सल्लागार' मॅडम भेटल्या. कशा भेटतात ते तुम्हाला माहीत आहे. कुणाच्या तरी मुलाचे आधीचे-नंतरचे फोटो, मग गोड आवाजातला फोन. "ताई, डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात, आम्ही रोज तुमच्यासोबत आहोत." त्या खरंच रोज फोन करत. लेकीनं काय खाल्लं, शी कशी झाली, सगळं विचारत. घरात दुसरं कुणी विचारत नव्हतं, हेही लिहूनच टाकते. पैसे यूपीआयने गेले ते कंपनीच्या नव्हे, एका माणसाच्या वैयक्तिक नावावर. पक्कं बिल नाही, जीएसटी क्रमांक नाही. तिथेच थांबायचं असतं. तुम्ही थांबा.

आता तो शनिवार. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. पार्सल आलं आणि मी ओट्यापाशी उभी राहून डबा उघडला. समोर मोठ्या अक्षरांत '१००% ग्लूटेन फ्री' आणि काट मारलेली गव्हाची लोंबी. सील फाडताच वास आला, भाजलेला, गोडसर. तो वास मी ओळखला होता. लहानपणी दुधात घालून प्यायचो त्या चॉकलेटी पावडरीचा वास. हात थांबलाही होता माझा. डबा फिरवून मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली : दूध पावडर, साखर, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, कोको, खनिजं.

वाचलं होतं मी! न वाचता फसले असते तर इतकं लागलं नसतं. पण आपल्याकडे माल्ट म्हटलं की काय येतं डोळ्यांसमोर? नाचणी माल्ट. मी स्वतः नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून लेकीला ते देते. डोक्यात तेच बसलं. तरी खात्रीसाठी मॅडमना फोटो पाठवला. उलट व्हॉइस मेसेज आला : "ताई, माल्ट म्हणजे मोड आणलेलं धान्य. मोड आले की त्यातलं ग्लूटेन निघून जातं." मला ते पटलं. पटावं असंच वाटत होतं, १८,४०० भरून झाले होते.

मोड आणल्याने ग्लूटेन जात नाही. नुसतं 'माल्ट' किंवा 'माल्ट एक्स्ट्रॅक्ट' लिहिलेलं असेल, पुढे नाचणीचं नाव नसेल, तर तो जवाचा समजा, जवातही ग्लूटेन असतं, आणि डबा खाली ठेवा. माल्टोडेक्स्ट्रिन ही वेगळी गोष्ट, त्याला उगाच घाबरू नका. आयुर्वेदिक लेबलवर 'यव' म्हणजे जव, 'गोधूम' म्हणजे गहू.

तिसऱ्या आठवड्यात लेकीचं पोट पुन्हा फुगू लागलं. तोंड आलं, जुलाब सुरू झाले. मॅडम म्हणाल्या, "शरीर विषारी घटक बाहेर टाकतंय, चांगली खूण आहे." कुठलंही सप्लिमेंट सुरू केल्यावर मूल आजारी पडलं आणि विकणारा त्याला चांगली खूण म्हणाला, की त्याच क्षणी बंद करा. मी शंका काढली तर म्हणाल्या, लॅब रिपोर्ट मागवा, पण त्याची फी पडेल. २,३६० भरले. पीडीएफ आली, त्यात ग्लूटेन ५ पीपीएमपेक्षा कमी. आपल्याकडे ग्लूटेन फ्री म्हणायला मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमची, म्हणजे २० पीपीएम, त्यामुळे मी निर्धास्त झाले. रिपोर्टवरचा बॅच नंबर डब्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला तो सप्टेंबरात. जुळत नव्हता. डब्यावरचा चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांकही, म्हणजे अन्न परवान्याचा, तेव्हाच फॉसकॉस या सरकारी परवाना-साइटवर टाकला. तो निघाला एका पापड-लोणच्यांच्या उद्योगाचा. हे पाहणं फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे, पैसे देण्याआधी करा.

आणि 'दुसरा टप्पा', १४,७५०. ऑगस्टमध्ये, स्टॉक संपतोय म्हणून घाईने. त्यात एन्झाइमच्या कॅप्सूल होत्या. जेवणाआधी एक घेतली की सणावाराला गहू चालेल म्हणाल्या. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, नातीला दोन वर्षांत सणाचं ताट मिळालं नव्हतं. गौरीजेवणाच्या दिवशी लेकीनं कॅप्सूल गिळली आणि अर्धी पुरणपोळी खाल्ली. हळूहळू खाल्ली, बोटाला लागलेलं तूपसुद्धा चाटून. मग मला विचारलं, "आई, आता दरवर्षी ना?" मी हो म्हणाले.

गव्हाचा घास पचवून सिलिअ‍ॅकच्या माणसाला वाचवेल अशी एकही कॅप्सूल आज बाजारात नाही. ग्लूटेन पूर्ण बंद, हाच एक उपाय. जो कोणी 'थोडं चालेल' म्हणेल तो खोटं बोलतोय, मग त्याच्या नावापुढे काहीही लिहिलेलं असो.

सप्टेंबरात टीटीजी १४८, हिमोग्लोबिन ८.६. डॉक्टरांनी डबा मागवला, मागची बाजू वाचली आणि काही न बोलता 'माल्ट'खाली पेनाने रेघ मारली.

मॅडमचा नंबर त्याच दिवशी बंद झाला. मग सुरू झाल्या माझ्या फेऱ्या.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, "पैसे तुम्हीच पाठवलेत, माल मिळालाय, मग फसवणूक कसली?" सायबरचं काम पाहणाऱ्यानं सांगितलं की ओटीपी चोरीला गेला असता तर आमचं काम होतं. एका सरकारी कार्यालयात आधी म्हणाले, कॅप्सूल म्हणजे औषध, औषधवाल्यांकडे जा. औषधवाले म्हणाले, सप्लिमेंट म्हणजे खाद्यपदार्थ, परत तिकडेच जा. परत गेले. डबा उघडलेला आहे, नमुना चालत नाही म्हणाले. दुसरा सीलबंद डबा पुढे केला. तर पत्ता परराज्यातला आहे, तिथे लिहा. तिथे रजिस्टर पत्र पाठवलं, ५२ रुपये, पोचही आली नाही. शेवटी मीच कायदा वाचला. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० मध्ये ग्राहकाला स्वतः फी भरून पदार्थ तपासून घेता येतो. मात्र घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं की मी हे तपासून घेणार आहे. कोणती आई पोरीसाठी पावडर घेताना हे सांगते? आणि सांगितल्यावर कोणता चोर तोच डबा हातात देतो? चार वेळा रजा टाकली मी. चारही वेळा कुणी ना कुणी म्हणालं, "मॅडम, शिकलेल्या तुम्ही, लेबल वाचायचं ना." वाचलं होतं हो! लेबलवर खोटं छापणाऱ्याला विचारणारं तुमच्यात कुणी आहे की नाही? नऊ वर्षांच्या पोरीला वाढदिवसाच्या केकला नाही म्हणायला शिकवतो आम्ही, आणि मोठी माणसं टेबलावरची फाइल शेजारच्या टेबलावर ढकलतात.

तरी तक्रार करा. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे नोंदवून क्रमांक घ्या. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मी कागद लावलेत. डबे, पार्सलचं खोकं, चॅट, व्हॉइस मेसेज, काहीही पुसू नका. मी रागात अर्धं चॅट पुसलं, ते आता नडतंय.

गेल्या आठवड्यात आणखी एका आईचा फोन आला. तिला आलेल्या फोटोत डबा हाच, झाकण निळं, किमतीचा आकडा १६,९००. माझ्या डब्याचं झाकण हिरवं होतं.

आता डॉक्टरांनी आयर्नचं दुसरं औषध दिलंय, गोळीचं. सुरू करण्याआधी पाकिटावरच्या ईमेलवर कंपनीला विचारलं, गोळीतला स्टार्च कशाचा. चार दिवसांनी लेखी उत्तर आलं, मक्याचा. गोळी ती रात्री घेते, दोन-तीन दिवसांतून एकदा ओकते. पाकीट २१४ रुपयांचं. पुढची टीटीजी फेब्रुवारीत आहे.