हड-वनवर न दाखवलेले पाच हजार डॉलर

२०११ साली ॲरिझोनात, फीनिक्सजवळच्या चँडलरमध्ये आम्ही शॉर्ट सेलमधलं एक घर घेत होतो. मालकाचं कर्ज घराच्या किमतीच्या वर गेलेलं. बँकेनं कमी रक्कम घेऊन बोजा सोडायचा, असा तो व्यवहार. या घरावर दोन बँकांची कर्जं होती. पहिल्या बँकेचं मंजुरीपत्र यायला सात महिने गेले. त्यात दोन अटी होत्या. विक्रीच्या पैशातून दुसऱ्या बँकेला फक्त ३,००० डॉलर मिळतील, आणि ठरल्या तारखेच्या आत क्लोजिंग, म्हणजे शेवटच्या सह्या आणि पैशांची देवाणघेवाण, व्हायला हवं.

त्या तारखेला बारा दिवस उरलेले असताना, मालकाच्या वतीनं बँकांशी बोलणी करणाऱ्या माणसाचा मला फोन आला. दुसरी बँक अडून बसलीय, तिला ८,००० हवेत. वरचे ५,००० तुम्ही भरा, नाहीतर घर लिलावात जाईल. कॅशिअर्स चेक, म्हणजे बँकेनंच काढलेला चेक, माझ्या कंपनीच्या नावानं काढा, मी तिकडे पोचवतो. आणि हो, हड-वनवर हे येऊ देऊ नका, पहिल्या बँकेनं पाहिलं तर मंजुरी रद्द होईल.

हड-वन म्हणजे घराच्या व्यवहाराच्या हिशेबाचा तेव्हाचा सरकारी फॉर्म. घेणाऱ्यानं काय दिलं, विकणाऱ्याच्या बाजूनं कुणाला किती गेलं, कुठल्या कर्जाला किती, सगळं ओळीनं. अप्रेझलसारखी, म्हणजे घराची किंमत ठरवून घेण्याची, आधीच भरलेली फीसुद्धा त्यावर ‘पी.ओ.सी.’, म्हणजे क्लोजिंगबाहेर दिलेली, अशी खूण करून लिहायची असायची. हे मला माहीत होतं. बाहेर दिलेला पैसाही जिथे लिहायचा असतो, तिथे माझे पाच हजार का लपवायचे, हा प्रश्न मनात आला होता. मी तो विचारला नाही. अपार्टमेंट सोडायची नोटीस दिलेली होती, मुलीची शाळा ठरलेली होती, आणि तो माणूस फार आपुलकीनं बोलायचा. दुसऱ्या दिवशी मी चेक नेऊन दिला.

क्लोजिंगच्या दिवशी एस्क्रो, म्हणजे दोन्ही बाजूंचे पैसे आणि कागद सांभाळणाऱ्या त्रयस्थ ऑफिसातल्या बाईंनी एक प्रतिज्ञापत्र पुढे ठेवलं. घेणारा, विकणारा, दोन्हीकडचे एजंट, सगळ्यांनी सही करायची: हा व्यवहार नातं किंवा छुपा करार नसलेल्या लोकांमधला आहे आणि हिशेबाबाहेर कुणी कुणाला पैसे दिलेले नाहीत. बँकेला खोटं लिहून देणं हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे. हातातलं पेन तसंच राहिलं. मी बाईंना खरं सांगून टाकलं.

त्या काही बोलल्या नाहीत. फाइल उघडून त्यांनी दुसऱ्या बँकेचं पत्र माझ्यासमोर ठेवलं. ३,००० डॉलर मिळाल्यावर बोजा सोडू, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. तारीख त्या फोनच्या तीन आठवडे आधीची. आठ हजार कुणी कधी मागितलेच नव्हते.

क्लोजिंग तिथेच थांबलं. पहिल्या बँकेनं मुदत वाढवली नाही आणि घर खरंच लिलावात गेलं. मालक नवरा-बायको वयस्क होते; या चेकबद्दल त्यांना काडीचीही कल्पना नव्हती. त्यांच्यासमोर मी मान वर करू शकलो नाही. त्या माणसाचा फोन बंद झाला. मी ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, तक्रार केली, पण पैसे आजपर्यंत मिळालेले नाहीत.

आता कर्ज काढून घर घेताना हड-वनऐवजी क्लोजिंग डिस्क्लोजर नावाचा हिशेबाचा कागद येतो, ऑक्टोबर २०१५ पासून, आणि तो सहीच्या किमान तीन कामाचे दिवस आधी हातात पडायला हवा. ते तीन दिवस वाया घालवू नका. घरावर जितकी कर्जं, तितकी मंजुरीपत्रं एस्क्रोकडून मागून घ्या. मध्यस्थानं वाचून दाखवलेलं चालत नाही, कागद स्वतः पाहा. प्रत्येक पत्रातली रक्कम हिशेबाच्या कागदावरच्या रकमेशी जुळवा. कुणी वरचे पैसे मागितले तर एकच सांगा: एस्क्रोला कळवा, कागदावर आलं तर देतो. त्या बारा दिवसांत मी एस्क्रोला एक फोन केला असता, तर ते पत्र बाईंच्या फाइलमध्येच होतं.