फ्लाइटरडार२४ : रोज वापरणाऱ्या एका ड्रायव्हरचा अनुभव

पुण्याहून मुंबई विमानतळाची पिकअप-ड्रॉपची भाडी मी चौदा वर्षं करतोय. गाडी स्वतःची, डिझेल इनोव्हा. उडणारी विमानं नकाशावर दाखवणारं हे ॲप मोबाईलवर घेतलं ते पॅसेंजरचं विमान नक्की कधी उतरणार हे कळावं म्हणून. त्या कामाला ते चोख आहे, पाचपैकी पाच. पण इथे लिहायला बसलोय ते त्या नकाशावर दिसलेल्या दुसऱ्याच एका गोष्टीमुळे.

पूर्वी विमान साडेअकराचं असलं की मी अकरालाच सहारला हजर असायचो. पार्किंगचे पैसे वाचवायचे म्हणून बाहेरच्या रस्त्याने चकरा मारायच्या, एसी चालू ठेवून. विमान लेट असलं तर तासभर तेच. आता खारघरला पंपाच्या कडेला गाडी लावतो, इंजिन बंद करतो, काचा खाली करतो आणि ॲप उघडतो. विमान उतरणीला लागलं की चावी फिरवायची. पॅसेंजर बॅगा घेऊन बाहेर येईपर्यंत मी पोचलेला असतो. महिन्याच्या डिझेलच्या हिशेबात हा फरक दिसतो.

ॲप वापरायला सोपं आहे. पिवळ्या विमानावर बोट ठेवलं की त्याची उंची, वेग आणि आलेला मार्ग दिसतो. मार्गाच्या रेघेचा रंग उंचीप्रमाणे बदलतो. विमान स्वतःच आपली जागा रेडिओवरून सांगत असतं, त्याला एडीएस-बी म्हणतात, आणि जगभर लोकांनी आपापल्या गच्चीवर लावलेले रिसीव्हर ते पकडतात. २००६ मध्ये स्वीडनमधल्या दोन हौशी माणसांनी हे सुरू केलं आणि २००९ पासून कोणालाही आपला रिसीव्हर जोडता येऊ लागला. भर समुद्रावर असे रिसीव्हर नसतात, तिथली जागा काही वेळा अंदाजाने दाखवतात. म्हणून आखातातून येणारं विमान किनाऱ्याजवळ येईपर्यंत मी खारघर सोडत नाही.

एका संध्याकाळी तळेगावच्या एक काकू गाडीत होत्या. मुलगी दिल्लीहून येत होती. विमान डहाणूच्या आसपास आलं आणि वळलं. परत वळलं. नकाशावर लंबगोल उमटला, रेसच्या ट्रॅकसारखा. मग त्याच्यावर दुसरा, तिसरा. काकू घाबरल्या, "अहो दादा, काही बिघडलंय का हो?" सहा फेऱ्या झाल्या, पंचवीस मिनिटं गेली, मग विमान उतरलं. मुलगी हसत बाहेर आली. तिला आत काही कळलंही नव्हतं.

पुढे एक निवृत्त एअर ट्रॅफिक कंट्रोलर, म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट देणारे साहेब माझ्या गाडीतून आले, त्यांना मी हे विचारलं. म्हणाले, याला होल्ड म्हणतात. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी काम चालत नाही. गर्दी झाली की दोन विमानांतलं सुरक्षित अंतर राखायला कोणाला तरी वर थांबवावंच लागतं. आणि विमानाला हवेत उभं राहता येत नाही, ते फिरतच राहणार. एक फेरी साधारण चार मिनिटांची.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने मुंबईत गर्दीच्या तासांतली उड्डाणं ताशी ४६ वरून ४४ आणि इतर वेळी ४४ वरून ४२ करायला सांगितली. तेव्हा त्यांनी हिशेबच दिला होता : विमान तासाला सरासरी २,००० किलो इंधन जाळतं, आणि शहरावर विमानं ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालत होती. मी काकूंच्या मुलीच्या विमानाचा हिशेब केला. पंचवीस मिनिटं म्हणजे आठशे तीस किलोच्या वर, जवळजवळ हजार लिटर. माझी पुणे–मुंबई जाऊन-येऊन फेरी पंचवीस लिटरमध्ये होते. चाळीस फेऱ्यांचं इंधन त्या सहा गोलांत गेलं! एक किलो विमान इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे अडीच टनांहून जास्त. आणि त्या वेळात कोणी एक किलोमीटरही घराजवळ आलं नाही.

साहेबांनीच त्यावरचा उपायही सांगितला. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं दिल्लीत एक केंद्र आहे, ते देशभरातल्या उड्डाणांचा प्रवाह बघतं. मुंबईत जागा नाही असं दिसलं की निघणाऱ्या विमानाला उड्डाणाची उशिराची वेळ देतात. विमान तिकडेच गेटवर थांबतं, इंजिनं बंद. पॅसेंजर वैतागतात. मला फोन येतात, "दादा, उगाच बसवून ठेवलंय." मी त्यांना सांगतो, बसा निवांत, इकडे येऊन गोल फिरण्यापेक्षा ते बरं. खारघरला मी तेच करत असतो. अशा दिवशी ॲपवर विमानाची रेघ बघा, सरळ रनवेपर्यंत येते, एकही गोल नाही. ती रेघ बघून मला खरंच बरं वाटतं.

आणखी एक गोष्ट आवर्जून बघा. विमान निवडलं की उंचीचा आलेख निघतो. काही विमानं पायऱ्या उतरल्यासारखी येतात : थोडं खाली, मग सपाट, पुन्हा खाली. सपाट तुकड्यात इंजिनाला जोर लावावा लागतो. काहींची रेघ मात्र एकसारखी घसरत येते. खंडाळ्याचा घाट उतरताना मी गाडी गिअरमध्येच ठेवतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, डिझेल जवळपास जळतच नाही. हे तसंच. पण घाटात पुढे ट्रक आडवा आला की सगळं बिघडतं, आणि वर पायलटला वाट मोकळी करून देणारा कंट्रोलरच असतो. त्या माणसांच्या कामाबद्दल मला फार आदर वाटायला लागलाय.

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळ सुरू झाला. तो मला जवळ पडतो. पण दोन्ही विमानतळ इतके शेजारी आहेत की आकाश वाटून घ्यायचं काम आणखी नाजूक होणार, म्हणून तिकडच्या रेघाही मी बघत असतो.

पैसे भरावेत का? पिकअपसाठी फुकटचं पुरतं, मागच्या सात दिवसांची उड्डाणंही त्यात बघता येतात. मी सिल्व्हर नावाचं पैसे भरायचं घेतलंय, कारण त्यात नव्वद दिवस मागे जाता येतं. डिझेलच्या वहीत मी आता एक रकाना वाढवलाय, पॅसेंजरच्या विमानाने किती गोल मारले त्याचा. काकूंनीही ॲप घेतलंय. परवा त्यांचा फोन आला, "दादा, आज सरळ आलं हो!"