कार्ब्युरेटरच्या गाडीला कोणता फ्युएल पंप: मेकॅनिकल की इलेक्ट्रिक?

कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) गाडीचा फ्युएल पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल आणणारा पंप, गेला की पहिला सल्ला ठरलेला असतो: "जुना काढून टाका, इलेक्ट्रिक बसवा." कधी कधी तो बरोबर असतो. पण माझं मत आधीच सांगतो. गाडीला मुळात मेकॅनिकल पंप असेल, तसाच चांगला पंप मिळत असेल आणि गाडीची बाकी काही तक्रार नसेल, तर तोच बसवा. इलेक्ट्रिककडे जायला ठोस कारण हवं. ती कारणं कोणती हे पुढे येईलच. त्याआधी प्रेशर समजून घ्यायला हवं, कारण चुकीचा पंप बहुतेक वेळा तिथेच गळ्यात पडतो.

आधी प्रेशर

कार्ब्युरेटरला पेट्रोल जोरात नको असतं. फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी वाटी, भरत आली की फ्लोट तरंगत वर येतो आणि नीडलला (टोकदार सुईला) तिच्या सीटवर, म्हणजे पेट्रोल येण्याच्या भोकावर, दाबून धरतो. पेट्रोल थांबवणारी सगळी ताकद त्या एवढ्याशा पोकळ फ्लोटची. मागून येणारा दाब त्याहून जास्त झाला की नीडल पूर्ण बसतच नाही. चेंबर ओव्हरफ्लो होतो, पेट्रोल थेट इंजिनाच्या घशात उतरतं, प्लग काळे पडतात आणि ऑइल पातळ होतं. तेच पेट्रोल बाहेर गरम मॅनिफोल्डवर सांडलं तर आग लागू शकते. यात सीटचं भोकही मोजायचं: दाब तोच ठेवून मोठ्या भोकाची सीट बसवली, तर फ्लोटला जास्त जोर लावावा लागतो.

म्हणून प्रत्येक कार्ब्युरेटरची सहनशक्ती वेगळी. एसयू प्रकारच्या कार्ब्युरेटरला साधारण १.५ ते ३ पीएसआय (दाबाचं एकक) पुरतात. वेबर डीसीओईसारखे साइडड्राफ्ट (हवा आडवी घेणारे) ३ ते ३.५ च्या आसपास खूश असतात. मोठे डाउनड्राफ्ट (हवा वरून घेणारे), उदाहरणार्थ हॉली, ५ ते ७ पर्यंत चालवून घेतात. इंजेक्शनच्या गाडीतला पंप मात्र ४० ते ६० पीएसआय देतो. तो कार्ब्युरेटरच्या गाडीला लावायचा विचारसुद्धा करू नका, मग तो कितीही सहज मिळत असो.

गंमत म्हणजे विकत घेताना सगळे प्रेशरऐवजी फ्लो विचारतात. फ्लोचा हिशेब तर अगदी सोपा आहे. पूर्ण ताकदीवर पेट्रोल इंजिन एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २२५ ग्रॅम पेट्रोल पितं. ६० हॉर्सपॉवरचं इंजिन धरलं तर साडेतेरा किलो, म्हणजे तासाला १८ लिटरच्या आसपास. मिनिटाला अर्धा लिटर देणारा पंप म्हणजे तासाला ३० लिटर. साध्या गाडीला तो पुरून उरतो. मोठ्या आकड्याचा पंप घेऊन गाडी जास्त पळणार नाही.

दोन्ही पंप शेजारी ठेवून

मेकॅनिकल पंपाची रचना मला आजही फार हुशार वाटते. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून सरकवलेली चकती असते; ती फिरताना लिव्हरला हलवते, लिव्हर डायफ्राम (पंपातला लवचीक पडदा) खाली ओढतो आणि टाकीतून पेट्रोल खेचलं जातं. पुढे ढकलायचं काम मात्र लिव्हर करत नाही, स्प्रिंग करते. चेंबर भरून नीडल बंद झाली की स्प्रिंगला पेट्रोल पुढे सारता येत नाही, डायफ्राम खालीच थांबतो आणि लिव्हर नुसता मोकळा हलत राहतो. म्हणजे प्रेशर स्प्रिंगवर ठरतं आणि वेगळा रेग्युलेटर (दाब कमी करणारा भाग) सहसा लागत नाही. वायरिंग नाही, रिले (मोठा करंट जोडणारा स्विच) नाही. इंजिन बंद पडलं की पंपही बंद. अपघाताच्या वेळी ही शेवटची गोष्ट सोन्यासारखी असते.

उणिवाही खऱ्या आहेत. पंप इंजिनालाच चिकटलेला, त्यामुळे तापतो. शिवाय तो टाकीपासून लांब बसून खेचतो आणि खेचलेल्या बाजूला दाब कमी असल्याने पेट्रोल लवकर उकळतं. पेट्रोलमधले हलके घटक तसेही ३५-४० अंशांपासून वाफ धरायला लागतात. गरम गाडी थोडा वेळ उभी करून पुन्हा सुरू करताना अडते, ते बहुतेक यामुळेच. गाडी महिनाभर उभी राहिली की चेंबरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मग तो भरेपर्यंत सेल्फ मारत बसावं लागतं. आणि जुन्या रबराचा डायफ्राम इथेनॉलच्या पेट्रोलात कडक होतो, फाटतो. नवीन घेताना इथेनॉल चालणारा डायफ्राम आहे ना, हे विचाराच.

इलेक्ट्रिक पंप नेमका या दुखण्यांवर उतारा आहे. तो टाकीजवळ, थंड जागी बसतो आणि पेट्रोल ढकलतो. पूर्ण लाइन दाबाखाली राहिल्यामुळे वाफ धरायचं प्रमाण बरंच कमी होतं. चावी फिरवली की काही सेकंदांत चेंबर भरतो. सोलेनॉइडवर (विजेच्या चुंबकावर) चालणारा छोटा टिकटिक करणारा पंप साध्या गाडीला पुरतो, त्यातला कमी प्रेशरचा घेतला तर रेग्युलेटरही टळतो. रोटरी व्हेनचे (फिरत्या पात्यांचे) पंप जास्त फ्लो देतात, आवाज जास्त करतात आणि मॉडेलनुसार प्रेशर खूप बदलतं. हॉलीचा लाल पंप ७ पीएसआयचा आणि निळा १४ चा. निळ्याला रेग्युलेटर लावावाच लागतो.

त्यामुळे माझा कौल असा. गाडी रोज चालते आणि मूळ पंप मिळतो: मेकॅनिकल. गरम झाल्यावर गाडी अडते, आठवडेच्या आठवडे उभी राहते, इंजिन बदललंय आणि कॅमला एक्सेंट्रिकच नाही, किंवा मोठे जोड कार्ब्युरेटर आहेत: इलेक्ट्रिक. कुणाला फक्त "नवीन काहीतरी" हवं असेल तर ते कारण मला पुरेसं वाटत नाही.

आणि एक तिसरा पर्याय लोक निवडतात, जो मला अजिबात मान्य नाही: जुना मेकॅनिकल जागेवर ठेवून मागे इलेक्ट्रिक जोडायचा. माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये हेच केलं होतं. पुढे मेकॅनिकलचा डायफ्राम फाटला, पण गाडी अडली नाही, कारण इलेक्ट्रिक पेट्रोल पुरवतच होता. फाटक्या डायफ्राममधून ते संपमध्येही, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथेही, उतरत होतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, वास घेतला आणि मग कळलं. इलेक्ट्रिक बसवणार असाल तर जुना पंप काढा आणि त्या जागी गॅस्केट घालून जाड प्लेट लावा.

बसवताना

पंप दोषी आहे हे आधी ठरवा. टाकीच्या झाकणाचं वेंट (हवेचं भोक) बुजलेलं, फिल्टर भरलेला किंवा खेचणाऱ्या बाजूच्या होजला बारीक चीर, यांची लक्षणंही अगदी हीच असतात. अशी चीर पेट्रोल गाळत नाही, हवा ओढते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही.

मेकॅनिकल लावताना इंजिन हाताने फिरवून एक्सेंट्रिकची कमी उंचीची बाजू लिव्हरकडे आणा, मग लिव्हर विनाताण बसतो. लिव्हर एक्सेंट्रिकच्या योग्य बाजूला टेकलाय ना, हे बोल्ट आवळण्याआधी पाहा. पंप आणि इंजिनामधल्या इन्सुलेटरची जाडी मूळ होती तेवढीच ठेवा. जाडी वाढली तर स्ट्रोक कमी पडतो आणि घटली तर लिव्हरवर जास्त भार येतो.

इलेक्ट्रिकला जागा टाकीजवळ, टाकीच्या पातळीला किंवा तिच्या खाली, सायलेन्सरपासून लांब. पंपाआधी जाड जाळीचा फिल्टर आणि बारीक फिल्टर पंपानंतर; बारीक फिल्टर आधी लावला तर पंप उपाशी राहतो. रबराच्या बुशवर बसवला असेल तर बॉडीतून अर्थ मिळत नाही, वेगळी वायर ओढा. होज पेट्रोलसाठीचाच हवा, इथेनॉल असेल तर आर९ या मानकाचा.

करंट रिले आणि फ्यूजमधून द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. गाडी धडकून इंजिन बंद पडलं आणि चावी चालूच राहिली, तर नुसत्या इग्निशनवर जोडलेला पंप फुटलेल्या लाइनमधून पेट्रोल ओतत राहील. धक्का बसताच करंट तोडणारा इनर्शिया स्विच किंवा ऑइल प्रेशरवर चालणारा स्विच यांपैकी एक तरी हवाच. ऑइल प्रेशरचा निवडलात तर डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या दिव्याचा जुना स्विच चालणार नाही, तो उलटा काम करतो: प्रेशर आलं की तुटतो. प्रेशर आल्यावर जोडला जाणारा वेगळा स्विच घ्या आणि सेल्फ मारताना पंपाला करंट मिळेल अशी सोय ठेवा.

शेवटी कार्ब्युरेटरच्या अगदी अलीकडे प्रेशर गेज लावा. आधी इंजिन सुरू न करता फक्त पंप चालवून सगळे जोड कोरड्या कापडाने पुसून बघा, अग्निशामक हाताशी ठेवून. मग इंजिन आयडलवर ठेवून आकडा वाचा, पूर्ण तापल्यावर पुन्हा वाचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्या.