घरगुती पेपर कटिंग मशीन: आठ महिन्यांच्या वापरानंतर, फक्त कटच्या सफाईबद्दल

बारा इंची मॅटवर (कागद चिकटवून मशीनमध्ये घालायचा चिकट प्लास्टिकचा तक्ता) चालणारे मशीन, आठ महिने, आठवड्यातून तीन-चार वेळा. बहुतेक काम १६० ते ३०० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) कार्डस्टॉकवर, म्हणजे कार्डाच्या जाड कागदावर, अधूनमधून ८० जीएसएमचा साधा कागद आणि थोडे स्टिकर व्हाइनल (मागे गोंद असलेले पातळ प्लास्टिक). ॲप, ब्लूटूथ, दिसणे यावर इथे काही नाही, कारण घेतल्यावर खरा वैताग देतो तो कट. कोपरे उचकटतात, कडा केसाळ येतात, आतले बारीक तुकडे अर्धे चिकटून राहतात. तसे झाले की हात आपोआप प्रेशरच्या, म्हणजे पाते किती जोराने दाबायचे त्या आकड्याकडे जातो. तो आकडा शेवटी बघायचा असतो. आधी पाते मोकळे वळते आहे का आणि कागद मॅटवर घट्ट बसला आहे का, एवढे तपासले तरी बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

साध्या ब्लेडला फिरवणारी मोटर नसते, हे एकदा डोक्यात बसले की बाकीचे आपोआप कळते. पात्याचे टोक होल्डरच्या बरोबर मध्यावर नसून किंचित बाजूला असते आणि ट्रॉलीच्या पुढच्या चाकासारखे ते ओढले जाईल तिकडे तोंड वळवते. कोपऱ्यावर त्याला जागच्या जागी गर्रकन वळावे लागते. होल्डरमध्ये कागदाचा एक तंतू जरी अडकला तरी ते उशिरा वळते. मग चौकोनाचा कोपरा गोलसर येतो, वर्तुळ जिथे सुरू झाले तिथे मिटत नाही आणि टोकदार पाकळीच्या शेंड्याला कागद कापला न जाता ओरबाडला जातो. अशा वेळी प्रेशर वाढवले तर वळणे आणखी जड होते.

सफाई दोन मिनिटांची. होल्डर काढा, वरची दांडी दाबून पाते बाहेर आणा, टोकावरचे तंतू चिमट्याने ओढा, फुंकर मारा. मग ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा करून त्यात पाते पंधरा-वीस वेळा टोचा. फॉइलने धार लागते असे बरेच जण सांगतात, पण ती लागत नाही. टोकाला चिकटलेला गोंद आणि लगदा तेवढा निघतो, आणि बऱ्याचदा तेवढेच हवे असते. त्यानंतरही कट फाटका येत असेल तर फोनचा कॅमेरा झूम करून टोक बघा. अगदी शेवटचा कण तुटून टोक बोथट चौकोनी दिसत असेल तर पाते बदलायचे, दुसरा इलाज नाही. कागदाचे आणि व्हाइनलचे पाते वेगळे ठेवा, होल्डरवर मार्करने खूण करा. व्हाइनलचा गोंद लागलेल्या पात्यावर कागदाचे तंतू लगेच चिकटून बसतात.

आता मॅट. क्रिकट या कंपनीच्या मशीनमध्ये निळी मॅट कमी चिकट, हिरवी मध्यम, जांभळी जास्त चिकट; इतर कंपन्यांचेही असेच दोन-तीन प्रकार असतात. साध्या पातळ कागदाला निळी, कार्डस्टॉकला हिरवी, जाड बोर्डाला जांभळी. नवी कोरी मॅट पातळ कागदासाठी फारच चिकट असते. स्वच्छ सुती कापड तिच्यावर दोन-तीनदा दाबून काढले की ती माणसात येते. कागद ठेवल्यावर नुसता तळवा फिरवणे पुरत नाही. रबरी हँड रोलर मधून कडेकडे फिरवा, विशेषतः जिथे बारीक नक्षी येणार आहे तिथे. कागद केसभर जरी उचललेला असला तरी पाते त्याला कापण्याऐवजी पुढे ढकलते.

मॅटची पकड गेली की ती टाकू नका. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश, हलक्या हाताने गोल गोल. मग उभी करून हवेत वाळवा. टॉवेलने पुसली तर टॉवेलचे तंतूच चिकटतात. अल्कोहोल असलेले वाइप वापरू नका, त्याने चिकट थर सुटू शकतो. आणखी एक बारीक गोष्ट: सॉफ्टवेअर डिझाइन नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यात लावते, त्यामुळे मॅटचा तोच कोपरा सगळ्यात आधी चरे पडून निकामी होतो. डिझाइन स्क्रीनवर दुसरीकडे सरकवा आणि कागदही मॅटवर तिथेच लावा. मॅट बरीच जास्त टिकते.

कट झाल्यावर कागद मॅटवरून ओढून काढू नये. मॅट उलटी करून टेबलावर ठेवा आणि मॅटच मागे वाकवत सोलून काढा. कागद सपाट राहतो. ‘कार्ड वळतात’ ही तक्रार बहुतेक वेळा इथेच तयार होते, मशीनमध्ये नाही.

सेटिंगचे म्हणाल तर तयार यादीतले ‘मीडियम कार्डस्टॉक’ हा फक्त अंदाज आहे. एकाच जीएसएमचे दोन कागद वेगळे वागतात. दर नव्या गठ्ठ्याला कोपऱ्यात एक सेंटीमीटरचा चौकोन आणि त्याच्या आत त्रिकोण कापून बघा. चौकोन उचलल्यावर त्रिकोण मॅटवरच राहिला आणि मॅटवर फक्त फिकट रेघ उमटली, तर सेटिंग बरोबर. मॅटवरचा चरा नखाला लागत असेल तर पाते गरजेपेक्षा खोल जाते आहे. खोली आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाते किती बाहेर आहे ती खोली, ते किती दाबले जाते तो जोर. सिल्हूएट कंपनीच्या मशीनमध्ये दोन्ही वेगळे ठरवता येतात. खोली कागदाच्या जाडीपेक्षा जेमतेम जास्त हवी. जास्त ठेवली तर टोक मॅटमध्ये रुतते आणि कोपऱ्यावर वळताना कागद सोबत खेचते.

कट अपुरा असेल तर हा क्रम: पाते साफ, मग वेग कमी, मग दोन पास (तीच रेघ दोनदा कापणे), आणि त्यानंतर जोर एकेक पायरीने. २५० जीएसएमच्या पुढे एका दणक्यात कापण्यापेक्षा कमी जोराचे दोन पास कडा जास्त स्वच्छ देतात. आणि मॅट बाहेर काढायच्या आधीच एक कोपरा चिमट्याने उचलून बघायची सवय लावा. एकदा बाहेर काढली की तीच रेघ पुन्हा त्याच जागी येत नाही. क्रिकटमध्ये मॅट आत असतानाच पुन्हा ‘गो’ बटण दाबले की तोच कट परत होतो.

कागदातही फरक असतो. मध्ये पांढरा थर असलेल्या कार्डस्टॉकच्या कडा पांढऱ्या दिसतात, ते कटचे दोष नव्हेत. हँडमेड कागदाचे तंतू लांब आणि सैल, त्यामुळे कडा थोड्या केसाळ येणारच. त्यावर मोठे आकार घ्या, जाळीदार नक्षी नको. पोत असलेला कागद गुळगुळीत बाजू वर ठेवून कापा आणि डिझाइन मिरर करा, म्हणजे आरशात दिसते तसे उलटे. दमट हवेत उघडा राहिलेला कागद मऊ पडतो आणि कालच्या सेटिंगवर आज फाटतो. बंद पिशवीत ठेवा.

डिझाइनकडे दुर्लक्ष होते. पीएनजी फोटोवरून ट्रेस केलेल्या आकारात शेकडो नोड (रेघेला आकार देणारे बिंदू) असतात, पाते दर नोडवर अडखळते आणि कड करवतीसारखी दिसते. सॉफ्टवेअरमध्ये सिम्प्लिफाय करून नोड कमी करा. कार्डस्टॉकवर दीड मिलिमीटरपेक्षा बारीक पट्टी ठेवू नका, कापली गेली तरी काढताना तुटते. आतले आकार आधी आणि बाहेरची रेघ शेवटी येईल असा क्रम लावा, नाहीतर सुटा झालेला तुकडा आतली नक्षी कापताना हलतो.

एक तक्रार मशीनची: त्याच्या आतले, मॅट ओढणारे रबरी रोलर मऊ कागदावर पट्टे उठवतात. रोलरच्या खाली रिकामी कड येईल असा कागद लावणे, एवढेच करता येते.

शेवटचे, मशीन ठेवण्याबद्दल. मॅट मागच्या बाजूने जवळपास पूर्ण बाहेर जाते. मागे फूटभर मोकळी जागा नसेल तर ती भिंतीला टेकते आणि त्या क्षणापासून सगळ्या रेघा एक-दोन मिलिमीटर सरकतात. एका ठरावीक जागेपासून नक्षी सरकलेली दिसली तर पाते, सेटिंग काही तपासू नका, मशीन पुढे ओढा.