33 इंची स्टेपनी आणि जुनं दार: स्विंग-आउट कॅरियर दोन वर्षं वापरून झाल्यावर

हे कॅरियर, म्हणजे स्टेपनी दाराऐवजी बंपरवरच्या बाजूला फिरणाऱ्या हातावर धरणारं लोखंडी स्टँड, मी हौसेनं घेतलेलं नाही, दारानं घ्यायला लावलं. गाडी 1994 ची, दोन दारांची, मागचं दार बाजूला उघडणारं आणि स्टेपनी त्याच दारावर. कंपनीतून आली तेव्हा टायर 235/75 आर15 होते, म्हणजे उंचीला 29 इंचाच्या जरा आत. नंतर गाडी उंच करणारं लिफ्ट किट घातलं, 33x12.5 चे (33 इंच उंच, साडेबारा इंच रुंद) टायर घातले, फोटो काढले, सगळ्यांनी वाहवा केली, आणि पाचवा टायर जुन्या खुंटीवर तसाच चढवून दिला. बसत नव्हता खरं तर, दाराला घासत होता, म्हणून मध्ये पॅकिंग घालून बाहेर काढला. आठ महिने मजेत गेले. मग एक दिवस दार बंद करताना शेवटच्या दोन बोटांत अडकायला लागलं, किंचित उचललं की बसायचं. मला वाटलं रबर फुगलं असेल.

रबर बिबर काही नव्हतं. वरच्या बिजागरीपाशी, बोल्टच्या कडेला पत्र्यात केसासारखी तांबूस रेघ दिसत होती. धूळ असेल म्हणून नखानं खरवडली तर नखच आत रुतलं. वेल्डिंगवाल्याकडे नेली, त्यानं आतलं पॅनल काढलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, "साहेब, पत्र्याची चिंधी झालीये, वेल्डिंग धरणार कशाला?" मग आतून जाड प्लेट मारून घेतली आणि कॅरियर शोधायला लागलो.

हे का होतं ते थोडं सांगतो कारण "माझ्या दाराला काही झालं नाही अजून" असं म्हणणारे खूप भेटतात. बाथरूमच्या वजनकाट्यावर जुनी स्टेपनी लोखंडी रिमसकट 24 किलो भरली, नवी 37. लोक म्हणतात दीडपट, चालतंय की. पण टायर रुंदही झालाय ना, 235 मिलिमीटरचा 318 झाला, त्यामुळे त्याचं वजन दारापासून लांब गेलं. जुन्या टायरचा मध्य दारापासून साधारण 15 सेंटिमीटरवर होता, नव्याचा 19 वर. 24 गुणिले 15 आणि 37 गुणिले 19 करून बघा, बिजागऱ्यांवरचा पिळ जवळपास दुप्पट होतो, आणि हे गाडी उभी असताना. खड्ड्यात आपटली की तोच टायर दाराला हातोड्यासारखा हिसका देतो, वर जुन्या गाडीचा पत्रा वर्षानुवर्षं पाणी पिऊन बसलेला. बिजागरी शेवटपर्यंत शाबूत असते बरं का, फाटतो तो तिच्या मागचा पत्रा.

बाकीचे पर्याय बघून झाले होते. गाडीच्या पोटाखाली 33 इंची बसत नाही, एक्झॉस्ट नाहीतर टाकी आडवी येते, आणि बसवलाच तर चढउतार करताना मागची बाजू जमिनीला टेकणार. टपावर टाकणारे टाकतात, पण 37 किलोचा ऐवज डोक्याच्या वर चढवून बघा एकदा, चिखलात, एकट्यानं. शिवाय उंच गाडीचं वजन अजून वर जातं, आडव्या उतारावर पोटात गोळा येतो. आत ठेवायचा तर मागची सीट गेली, आणि नीट बांधला नाही तर जोरात ब्रेक मारल्यावर तो पुढे येणार, मध्ये आपलं डोकं. काही गाड्यांत आत ठेवायची सोय मुळातच असते, जुन्या जीप चेरोकीत स्टेपनी आतच असायची, पण ती लहान टायरच्या हिशोबानं. जुन्या लँड रोव्हर सिरीज गाड्यांत बॉनेटवर स्टेपनी ठेवायची पद्धत होती, दिसायला झकास, पण 33 इंची तिथे ठेवला तर समोर रस्ता नाही, टायरच दिसेल.

आणि जुनी लहान स्टेपनीच ठेवू, पंक्चरपुरती, असा शहाणपणा मीही करून बघितलाय. व्यासात दहा सेंटिमीटरचा फरक पडतो. एका एक्सलवर एक मोठा एक लहान म्हणजे डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतं, ते लिमिटेड स्लिप (एकच चाक घसरत फिरू नये म्हणून क्लच असलेलं) असेल तर त्याच्या क्लचची वाट लागते, आणि ज्या जागी स्टेपनी लागते तिथेच फोर व्हील टाकायची गरज पडते. नकोच ते.

तर कॅरियर. जुना बंपर काढून त्याच्या जागी येणारा जाड लोखंडी बंपर, त्याच्या एका टोकाला उभा पिव्हट (ज्याभोवती फिरायचं तो खुंटा), त्यावर फिरणारा हात, हातावर टायर. दाराचा काही संबंधच नाही, सगळा भार चॅसीवर. कल्पना नवी नाही, जुन्या लँड क्रूझर एफजे40 मध्ये कंपनीच असा बाजूला फिरणारा स्टेपनी-हात द्यायची. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली शिव्या पण आहेत.

चांगलं आधी. पिव्हट एक नंबर. कॅरियर घेताना पावडर कोटिंग, लोगो, एलईडी बघू नका, पिव्हट बघा. स्वस्तातल्या मालात नुसता पाइपात पाइप आणि मध्ये पितळी नाहीतर नायलॉनचा बुश असतो, वर्षभरात तो झिजतो आणि हात लोंबायला लागतो. यात वर-खाली दोन टेपर (निमुळत्या रोलरच्या) बेरिंग आहेत, ट्रेलरच्या हबला असतात तशी, वर कॅसल नट (खाचांचा नट) आणि तो फिरू नये म्हणून स्प्लिट पिन, आणि ग्रीसचं निपल बाहेरून हाताला येतं. पिव्हटची नळी बंपरच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही पत्र्यांतून आरपार जाऊन दोन्हीकडे वेल्ड केलीये, नुसती वरती चिकटवलेली नाही. पहिल्या हजार किलोमीटरनंतर बेरिंग बसल्यावर नट थोडा सैल झाला, पाव फेरा आवळला, पुन्हा हात लावलेला नाही. नवीन असताना टायरसकट हात पूर्ण उघडल्यावर टोक 4 मिलिमीटर खाली यायचं, आता 6 येतं. दोन वर्षं आणि बरेच वाईट रस्ते झालेत, मला चालतंय. तपासायची पद्धत सोपी, हात बंद करून टायर वर-खाली धरून हलवायचा, मग डावी-उजवीकडे धरून. वर-खाली खेळ लागला तर पिव्हट बघायचं, आडवा लागला तर लॅच, म्हणजे हात बंद धरणारी कडी.

लॅच. इथे मात्र माझं डोकं फिरलं. टॉगल क्लॅम्प (दांडी दाबली की ओढून धरणारी पकड) दिलाय, तो ठीक आहे, घट्ट ओढतो. पण बंद होताना हाताचं मोकळं टोक एका पाचरीवर चढून बसायला हवं, म्हणजे चालत्या गाडीत अर्धं वजन बंपर घेतो आणि पिव्हटला आराम मिळतो. पाचर दिलीये, पण नायलॉनची, आणि आठ महिन्यांत तिला अशी खाच पडली की हात तिच्यावर चढायचाच बंद झाला. मग खडखड सुरू. कशी खडखड, तर मागे कुणीतरी भांडी घेऊन बसलंय अशी. मित्र तासभर गाडीत बसला आणि उतरताना म्हणाला, "अरे तुझी गाडी बोलते की काय?" विकणाऱ्यांना फोटो पाठवले, उत्तर आलं की लॅच टाइट करा. केला होता. परत लिहिलं, मग उत्तरच नाही. शेवटी तोच वेल्डिंगवाला, त्यानं जाड लोखंडी पट्टीची पाचर करून दिली, वर मी जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा लावला आणि लॅचच्या रबराखाली 2 मिलिमीटरचा वायसर टाकला. खडखड बंद. म्हणजे तीस सेकंदांत सुचेल अशी गोष्ट, ज्यांनी पिव्हटवर इतकी मेहनत घेतली त्यांना का सुचू नये?

दुसरी तक्रार हात उघडा धरून ठेवणाऱ्या पिनची. 90 अंशावर एक भोक आहे आणि साधारण 120 वर एक. सपाटीवर काही प्रश्न नाही. उतारावर गाडी नाक खाली करून उभी असेल आणि पिन नीट बसली नसेल तर हात स्वतःहून परत बंद व्हायला येतो, आणि तेव्हा तुम्ही दारात वाकून काहीतरी शोधत असता. नडगीवर एकदा बसलाय, निळं-काळं महिनाभर होतं. नाक वर असेल तर उलटं, लॅच सोडलं की हात झोकांडी देऊन बाहेर जातो, शेजारी कुणी उभं असेल तर आधी बाजूला करा. पिनला स्प्रिंग होती ती चिखलानं जाम व्हायची, आता दर धुलाईनंतर तिला ऑइलचा थेंब टाकतो. गॅस स्ट्रट (हात उघडा धरून ठेवणारा गॅसचा दांडा) असलेलं मिळत असेल तर ते घ्या.

वजनाचं पण बघा. बंपर, हात, मोठा टायर, जुना बंपर आणि जुनी स्टेपनी वजा करून माझ्या गाडीच्या मागे 65 किलोच्या आसपास वाढले. हे सगळं मागच्या एक्सलच्याही मागे लोंबतंय, साधारण 90 सेंटिमीटरवर. व्हीलबेस 2.4 मीटर धरला तर पुढचा एक्सल 24 किलोनं हलका होतो आणि मागच्यावर 65 नाही, जवळपास 90 येतात. गाडी मागे दोन सेंटिमीटर बसली, हेडलाइट झाडांवर पडायला लागले, समोरचे डिपर मारायचे, मला आठवडाभर कळेना का. लाइट खाली करून घेतले, मागच्या स्प्रिंगला एक पान वाढवलं. त्यामुळे त्या हातावर दोन जेरीकॅन आणि फावडं लावायची सोय आहे तिचं मला कौतुक नाही. वीस लिटर पाणी म्हणजे अजून वीस किलो, तेही सगळ्यात मागे.

बारीकसारीक कटकटी अजून आहेत. नंबर प्लेट आणि तिसरा ब्रेक लाइट टायरमागे गेला, दोन्ही हलवावे लागले, वायर पिव्हटजवळून नेताना थोडी ढिली सोडा नाहीतर हात उघडताना तुटते (माझी तुटली). मागच्या काचेतून आता आकाश आणि टायर दिसतो. हातावरची प्लेट वर-खाली सरकते, मधलं भोक निवडून टायर थोडा खाली घेतला तर जरा दिसतं, पण फार खाली घेतला की बंपरला टेकतो. बोल्टचं माप आधी विचारा, कारण पाच बोल्टच्या रिममध्ये सुद्धा बोल्टच्या वर्तुळाच्या व्यासाची 114.3 आणि 139.7 मिलिमीटर अशी दोन मापं सर्रास असतात आणि माझ्याकडे आधी चुकीची प्लेट आली होती. ती मात्र त्यांनी लगेच बदलून दिली, खोटं कशाला बोलू.

खरी परीक्षा अर्थात पंक्चरची. संध्याकाळ, दगडाळ ओढा, मागच्या टायरची बाजू फाटली. स्टेपनी काढणं सोपं, ती खाली येतेच, आपण फक्त पायाची बोटं वाचवायची. फाटलेला टायर वर चढवणं हे काम. कॅरियरचे बोल्ट माझ्या मांडीच्या उंचीला आहेत. सरळ उचलायला गेलात तर कंबर गेली. मी फावडं टायरखाली सरकवलं, दांड्याखाली दगड ठेवला, एका हातानं दांडा दाबला, दुसऱ्यानं टायर सरळ धरला आणि गुडघ्यानं आत ढकलला. पहिला नट दोन आट्यांवर बसला की अर्धी लढाई जिंकली. तीन नटांवर टायर राहतो, पाच शोधत अंधारात बसू नका, पण तिन्ही पान्यानं आवळा आणि दहा किलोमीटरवर थांबून परत आवळा.

एक गोष्ट कॅरियरची नाही पण टायरची. बाहेर लटकलेला टायर उन्हात नुसताच म्हातारा होतो. बाजूवर डॉट कोड छापलेला असतो, त्याचे शेवटचे चार आकडे टायर कधी बनला ते सांगतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. मी आता पाचही टायर फिरवतो, म्हणजे स्टेपनी पण झिजते आणि पाचही सारख्याच उंचीचे राहतात, आणि हवा दोन-चार पाउंड जास्तच ठेवतो, कमी करायला काय, केव्हाही करता येते.

तर घ्यावं का? 31 इंचाच्या आत असाल आणि दाराचा पत्रा धड असेल तर दारालाच आतून प्लेट मारा, बिजागऱ्यांचे बुश बदला, एवढं लोखंड मागे लटकवायची गरज नाही. 33 किंवा वर असाल तर घ्या, पण टेपर बेरिंगचा पिव्हट असेल तरच, आणि पाचर कशाची आहे ते विचारून. पाचपैकी साडेतीन देतो, पाचर लोखंडी दिली असती तर चार दिले असते. गाडीचं मागचं दार आता एका बोटानं उघडतं, तीस वर्षांपूर्वी उघडत असेल तसं. फक्त त्याआधी लॅच सोडा, हात फिरवा, पिन बसवा, पिन बसली का ते वाकून बघा, आणि हे सगळं पावसात, एका हातात सामानाची पिशवी घेऊन.