ईएमडीआरचे नऊ महिने: आयर्विनची पातळी आणि माझा आकडा

सांगलीत पावसाळ्यात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न एकच, "आयर्विनला पाणी किती?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल; तिथे 40 फूट इशारा, 45 धोका, हे इथे पोरांनाही पाठ. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली तेव्हा मी आणि सासूबाई दोन रात्री वरच्या मजल्यावर अडकलो होतो. शेजारच्या काकूंच्या गोठ्यात म्हैस बांधलेली होती. "पाणी चढलंच तर दावं सोड गं," असं काकू जाताना सांगून गेल्या होत्या. मी खाली उतरले नाही. म्हैस रेकत राहिली आणि दुसऱ्या रात्री कधीतरी आवाज थांबला.

पुढची कित्येक वर्षं गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली तरी माझे हातपाय गार पडायचे. नदीच्या घाटाकडे तर मी फिरकलेच नाही.

आधी एका ठिकाणी सहा वेळा समुपदेशनाला गेले होते. दर वेळी शेवटी विचारलं जायचं, "आता बरं वाटतंय ना?" समोर बसलेल्या भल्या माणसाला तोंडावर "नाही" म्हणणं मला जमलं नाही. सहाही वेळा "हो" म्हणून घरी आले आणि रात्री जागीच राहिले. उपचार लागू पडतोय का, हे मोजायचं कुणाच्या मनातही आलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

नोव्हेंबरात ईएमडीआर, म्हणजे आघाताच्या आठवणींवरचा एक मानसोपचार, सुरू केलं. फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1987 मध्ये याची सुरुवात केली. ती आठवण मनात धरायची आणि त्याच वेळी डोळे डावीकडून उजवीकडे फिरवायचे. माझे डोळे दुखायचे म्हणून उपचार करणाऱ्या मॅडम गुडघ्यांवर आळीपाळीने थोपटायला लावायच्या. डोळ्यांच्या हालचालीचा नेमका वाटा किती, यावर तज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मला ते आवडलं. आघातानंतरच्या त्रासासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये ज्या उपचारांची शिफारस केली, त्यात ईएमडीआर आहे.

पण मला लिहायचंय ते मोजण्याबद्दल. पीसीएल-5 नावाची 20 प्रश्नांची प्रश्नावली आहे. गेल्या महिन्यात कशाचा किती त्रास झाला, याला प्रत्येकी 0 ते 4 गुण, एकूण 80. साधारण 31 ते 33 च्या वर आकडा गेला की नीट तपासणी करावी, असं मानतात. मॅडम प्रश्न मराठीत वाचून दाखवायच्या आणि दर वेळी शब्द तेच ठेवायच्या, कारण शब्द बदलला की उत्तरही बदलतं. तोंडाने "बरं आहे" म्हणणारी मी कागदावर मात्र 3 आणि 4 लिहीत होते.

पहिला आकडा 54. तीन सत्रांनंतर 58! मी रडलेच, पैसे वाया गेले म्हणून. मॅडमनी कागद पुढे सरकवून चौथा प्रश्न दाखवला: आठवण करून देणारं काही समोर आलं की किती अस्वस्थ होता? पहिल्यांदा मी तिथे 1 लिहिलं होतं, कारण समोर काही येऊच देत नव्हते. आता घाटापर्यंत जाऊन आले होते, म्हणून 4. त्रास तेवढाच होता, तो पहिल्यांदाच कागदावर उतरला होता.

म्हशीच्या आठवणीने किती त्रास होतो, याचं वेगळं माप होतं, 0 ते 10. ते 9 वरून 1 वर आलं. "त्या वेळी जेवढं शक्य होतं तेवढं मी केलं" हे वाक्य किती खरं वाटतं, 1 ते 7 मध्ये? सुरुवातीला 2, जानेवारीत 6. त्या दिवशी घरी येऊन मी संध्याकाळी सात वाजताच झोपले.

जानेवारीत एकूण 37, मार्चमध्ये 24. सगळे खूश. मी नव्हते, कारण मार्चमध्ये नदी तळाला असते. सांगलीतल्या पूरग्रस्ताची परीक्षा उन्हाळ्यात घेऊन पास करण्यात काय अर्थ? मी हट्टच धरला की जुलैतही मोजायचं, आणि त्यात आमचं एक घरगुती माप घातलं: रात्री मोबाइलवर पुलाची पातळी किती वेळा बघते.

जुलैत आकडा 33 आला. नुसती बेरीज बघितली असती तर उपचार फसला असंच म्हटलं असतं. पण जानेवारीच्या 37 मध्ये स्वतःला दोष देण्याचे, लाज वाटण्याचे गुण भरले होते. जुलैच्या 33 मध्ये दचकणं आणि झोप. दोष देण्याच्या प्रश्नाला, दहाव्या, मी पाऊस कोसळत असताना 0 लिहिला. मोबाइल आधी रात्रीत वीस-वीसदा बघायचे, आता तीन-चारदा.

एक खंत राहिलीच. सुरुवात नोव्हेंबरात झाल्यामुळे आधीच्या जुलैचा कागदच नाही, त्यामुळे पावसाळ्याशी पावसाळा ताडून बघता येत नाही. खर्चही झेपणारा नाही, आणि सत्राचा दिवस कामाला अख्खा मुकतो. एका रात्री 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, मोफत नंबरवर फोन केला, तेवढाच आधार झाला.

पूर येणाऱ्या गावातलं कुणी हा उपचार घेणार असेल, तर पहिला कागद पावसाळ्यातच भरून घ्या. मोजणीची तारीख आणि त्या दिवशीचं पाणी दोन्ही लिहून ठेवा. बेरीज विचारू नका, विसाही प्रश्नांचा कागद मागून घ्या. माझे सगळे एका फायलीत आहेत, आणि पुढचा भरायचा ठरलाय तो येत्या जुलैत, आयर्विनला 30 फूट लागले की त्या आठवड्यात.