ठाण्यातला टोफेल आयटीपीचा क्लास: व्याकरण चोख, कानाची तयारी कच्ची

नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर टोफेल आयटीपी या इंग्रजीच्या परीक्षेची शनिवार-रविवारची बॅच चालते. सहा आठवडे, दर बैठक अडीच तासांची, वर्गात फार तर वीस मुलं. क्लासचं नाव इथे देत नाही, कारण तक्रारीही आहेत आणि अशाच धर्तीचे क्लास घंटाळीपासून वाशीपर्यंत चालतात. खालच्या कसोट्या त्यातल्या कुठल्याही क्लासला लावून बघता येतील. निकाल आधीच सांगून टाकतो: व्याकरणासाठी फी वसूल, वाचनासाठी ठीक, पण ऐकण्याच्या भागासाठी या क्लासच्या भरवशावर राहिलात तर फसाल.

पैसे भरण्याआधी एक खात्री करून घ्या, कारण काउंटरवर हे कुणी आपणहून सांगत नाही. तुम्हाला नेमकी आयटीपीच हवी आहे ना? परदेशी विद्यापीठात थेट प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी मागतात ती आयबीटी, म्हणजे टोफेलचीच इंटरनेटवरून होणारी परीक्षा. तिच्यात बोलणं आणि लिहिणंही असतं. आयटीपी संस्थेमार्फत घेतली जाते. तुमचं कॉलेज, एखादा देवाणघेवाण कार्यक्रम किंवा शिष्यवृत्ती देणारी संस्था ती मागत असेल, तरच हा क्लास तुमच्यासाठी आहे. संस्थेकडून पातळीही विचारून या. लेव्हल १ मध्ये ११५ मिनिटांत १४० प्रश्न असतात आणि गुण ३१० ते ६७७. लेव्हल २ सोपी आणि छोटी: ७० मिनिटं, ९५ प्रश्न, गुण २०० ते ५००. बॅच लेव्हल १ ची आहे. लेव्हल २ वाल्यांनाही त्याच वर्गात बसवतात, ते योग्य नाही.

गुणांचं गणित क्लास पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडतो, ही जमेची बाजू. ऐकणं, व्याकरण आणि वाचन या तिन्ही भागांचे बरोबर प्रश्न मोजून आधी स्केलवर, म्हणजे ठरावीक मापाच्या गुणांत, आणतात. पहिल्या दोन भागांचं स्केल ३१ ते ६८, वाचनाचं ३१ ते ६७. तिन्हींची बेरीज करायची, १० ने गुणायचं, ३ ने भागायचं. म्हणजे ५०, ५२ आणि ४८ मिळाले तर बेरीज १५० आणि एकूण गुण ५००. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे उत्तरपत्रिकेवरचा एकही गोळा रिकामा सोडायचा नाही.

या गणितातूनच क्लासचा सगळा भर ठरतो. व्याकरणाचे प्रश्न फक्त ४० आणि वेळ फक्त २५ मिनिटं, पण एकूण गुणांत वजन पूर्ण एक तृतीयांश. वाचनाला तेवढ्याच वजनासाठी ५५ मिनिटं बसावं लागतं. शिवाय कान तयार व्हायला महिने जातात, व्याकरणाचे नियम मात्र मोजके आणि पुन्हा पुन्हा तेच. थोड्या आठवड्यांत गुण वाढतात ते इथेच, आणि शिकवणाऱ्या मॅडमना हे पक्कं ठाऊक आहे.

व्याकरणाच्या भागाचे दोन तुकडे असतात. पहिल्या १५ प्रश्नांत वाक्यातली रिकामी जागा भरायची. पुढच्या २५ मध्ये वाक्यातले चार शब्द किंवा शब्दगट अधोरेखित असतात, त्यातला चुकीचा ओळखायचा. दुरुस्त करून लिहायचं नाही, नुसता ओळखायचा. मॅडम अर्थ लावतच बसत नाहीत. आधी कर्ता, मग क्रियापद, मध्ये अडकलेलं सगळं पेन्सिलीने खोडायचं. उदाहरण घ्या: ‘द नंबर ऑफ बोट्स एंटरिंग द क्रीक हॅव डिक्लाइन्ड सिन्स द ब्रिज वॉज बिल्ट.’ अधोरेखित आहेत एंटरिंग, हॅव, सिन्स आणि वॉज बिल्ट. ‘ऑफ बोट्स एंटरिंग द क्रीक’ खोडलं की उरतं ‘द नंबर हॅव’, आणि चूक उघडी पडते. तिथे ‘हॅज’ हवं. वाक्य ‘अ नंबर ऑफ बोट्स’ असं सुरू झालं असतं तर ‘हॅव’च बरोबर. अशा जोड्या शेजारी-शेजारी ठेवून शिकवतात, म्हणून त्या डोक्यात बसतात.

दुसरं हत्यार मोजणीचं. वाक्यात काळ दाखवणारी क्रियापदं जितकी, त्यापेक्षा जोडणारे शब्द एकाने कमी असायला हवेत. दोन क्रियापदं असून जोडशब्द नसेल तर तो गाळलेला आहे. दोन क्रियापदं आणि दोन जोडशब्द असतील तर एक फालतू आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना हा नियम सोन्यासारखा उपयोगी पडतो, कारण आपली ‘जरी-तरी’ची सवय इंग्रजीत ‘ऑल्दो’च्या पुढे ‘बट’ आणून बसवते आणि कानाला ते खटकतही नाही. मोजलं की पकडलं जातं. ‘जो-तो’चंही तसंच. ‘जी खारफुटी खाडीकाठी वाढते, ती किनारा राखते’ असा विचार करणारा माणूस ‘द मँग्रोव्हज दॅट ग्रो अलाँग द क्रीक दे प्रोटेक्ट द शोअर’ हे वाक्य बिनदिक्कत बरोबर ठरवतो. तिथे क्रियापदांची मोजणी जुळते, फसगत कर्त्यात असते. ‘ग्रो’चा कर्ता ‘दॅट’, ‘प्रोटेक्ट’चा ‘मँग्रोव्हज’, मग ‘दे’ कुणाचा? कर्तेही मोजायला लावणारे शिक्षक कमी असतात, या क्लासला ते मिळाले आहेत.

नकारार्थी किंवा ‘ओन्ली’सारख्या शब्दाने सुरू होणारी उलट्या क्रमाची वाक्यं (‘नॉट ओन्ली’, ‘सेल्डम’, ‘ओन्ली आफ्टर’), यादीतल्या पदांचा सारखेपणा, ‘अदर’ आणि ‘अनदर’, ‘मच’ आणि ‘मेनी’, ‘मेक’ आणि ‘डू’ हे सगळं नीट होतं. कमी पडतं ते शब्दाचं रूप. चुका ओळखण्याच्या प्रश्नांत विशेषणाच्या जागी नाम किंवा क्रियाविशेषणाच्या जागी विशेषण घालण्याची खोड पेपर काढणारे वारंवार करतात, आणि क्लास त्याला जेमतेम अर्धा तास देतो. घरी तक्ता करा: ‘सायन्स, सायंटिस्ट, सायंटिफिक, सायंटिफिकली’ अशी दहा कुटुंबं रोज. कंटाळवाणं आहे, पण गुण देतं.

वेळेची वाटणी क्लास सांगतो ती जरा ढिली आहे. ४० प्रश्नांना २५ मिनिटं म्हणजे प्रश्नामागे ३७ सेकंद. आमच्या मते पहिले १५ प्रश्न ८ मिनिटांत उरकावेत, पुढच्या २५ ना १५ मिनिटं द्यावीत आणि उरलेली दोन गोळे तपासायला ठेवावीत. एक प्रश्न सोडून पुढे गेलात आणि उत्तरपत्रिकेवर ओळ सोडायला विसरलात, की तिथून खालची सगळी उत्तरं एका ओळीने सरकतात. सरावही छापील उत्तरपत्रिकेवरच करा, वहीत नको. संस्था संगणकावर परीक्षा घेणार असेल तर हा धोका टळतो, तेही आधीच विचारा.

आता ऐकण्याचा भाग. ३५ मिनिटं, ५० प्रश्न. पहिल्या भागात दोन माणसांचे ३० छोटे संवाद, दुसऱ्यात दोन लांब संभाषणं, तिसऱ्यात तीन व्याख्यानवजा तुकडे. ध्वनिफीत एकदाच वाजते. दोन प्रश्नांमध्ये साधारण १२ सेकंद मिळतात. क्लासमध्ये हे सगळं लॅपटॉपला जोडलेल्या एका छोट्या स्पीकरवर ऐकवतात. पंखे फुल, खिडक्या उघड्या, खाली रिक्षांची रांग. पुढच्या दोन बाकांना शब्द कळतात, मागच्यांना फक्त चढ-उतार. पण खरी गफलत वेगळीच आहे: हा भाग शिकवणारे सर प्रत्येक संवादानंतर फीत थांबवतात, कुणी ‘परत एकदा’ म्हटलं की पुन्हा वाजवतात. मुलांना बरं वाटतं. परीक्षेत मात्र फीत कुणासाठी थांबत नाही, आणि हुकलेल्या सहाव्या प्रश्नाचा विचार करता करता सातवा आणि आठवाही जातो. सुटलेला प्रश्न सोडून देणं हे या भागातलं मोठं कौशल्य आहे, आणि ते सलग ३५ मिनिटं ऐकल्याशिवाय येत नाही. सहा आठवड्यांत सलग ऐकवतात ते फक्त मॉकच्या, म्हणजे सराव परीक्षेच्या, वेळी.

संवादांतले सापळे मात्र सर चांगले दाखवतात. उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाच्या वाक्यात असतं. पर्यायात ऐकलेलाच शब्द जसाच्या तसा दिसला तर संशय घ्यायचा. बाई म्हणते, ‘आय रॅन इंटू माय ओल्ड प्रोफेसर.’ पर्यायांत ‘धावणं’ असेल, ‘म्हातारे प्रोफेसर’ असतील, पण बरोबर उत्तर असतं ‘तिची जुन्या शिक्षकांशी अचानक भेट झाली’. ‘इट कुडन्ट हॅव बीन बेटर’ ऐकलं की आपल्या कानात नकार घुमतो आणि हात ‘वाईट झालं’ या पर्यायाकडे जातो. अर्थ नेमका उलटा, याहून चांगलं होणं शक्यच नव्हतं. ‘बेअर्ली’, ‘हार्डली’, ‘अनलेस’ यांची वेगळी तालीम घ्या.

कानाचा सराव घरीच करावा लागेल हे धरून चाला. आठवड्यातून किमान दोनदा पूर्ण ३५ मिनिटं, न थांबवता. परीक्षेत हेडफोन आहे की खोलीत स्पीकर, हे संस्थेला विचारा. स्पीकर असेल तर घरीही फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ऐका. हेडफोनवर तयार झालेला कान मोठ्या खोलीत गडबडतो. वाशीहून येणारे ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये सराव करतात. ठाणे ते वाशी अर्धा तास, म्हणजे वेळेचं माप जवळपास बरोबर बसतं. पण गाडीच्या खडखडाटात छोट्या संवादांतला ‘कॅन’ की ‘कान्ट’ हा फरक ऐकू येत नाही. प्रवासात व्याख्यानं ऐका, संवाद घरी.

वाचनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाच उतारे, ५० प्रश्न, म्हणजे उताऱ्याला ११ मिनिटं आणि साधारण दहा प्रश्न. प्रश्न बहुधा उताऱ्याच्याच क्रमाने येतात. शब्दार्थाचे आणि ‘इट’ किंवा ‘दे’ कुणासाठी आलंय हे विचारणारे प्रश्न आधी सोडवायचे, मध्यवर्ती कल्पनेचा शेवटी, हा क्लासचा सल्ला योग्य आहे. ‘यापैकी कोणतं नाही’ या धर्तीचे प्रश्न वेळ खातात, त्यांना खूण करून पुढे जा. एक अख्खी बैठक वेगवान वाचनाच्या युक्त्यांवर घालवतात, ती खुशाल बुडवा. हजार शब्दांची पाठ करायची यादी देतात, तिचंही ओझं घेऊ नका.

त्या यादीचं मूळ क्लासच्या अभ्याससाहित्यात आहे. फीसोबत दोन जाडजूड स्पायरल वह्या मिळतात आणि त्यातले बरेच पेपर झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून आलेले आहेत. १९९५ मध्ये टोफेलची रचना बदलली. शब्दसंग्रहाचे सुटे प्रश्न गेले आणि शब्द उताऱ्यातच विचारले जाऊ लागले. ऐकण्यातली एकेकट्या वाक्यांची प्रश्नावलीही गेली. वहीत यातलं काही दिसलं तर तो पेपर त्याआधीच्या रचनेचा आहे, त्यावर वेळ घालवू नका. व्याकरणाचे जुने प्रश्न मात्र आजही चालतात.

मॉक फक्त दोन होतात, निदान चार हव्यात. निकाल देताना नुसती टक्केवारी सांगतात, म्हणजे पहिल्या दिवशी शिकवलेलं गणित स्वतःच वापरत नाहीत. भागवार स्केलचे आकडे मागून घ्या. संस्थेला युरोपीय भाषा-मोजपट्टीची (सीईएफआर) बी-२ पातळी हवी असेल तर एकूण ५४३ लागतात, बी-१ साठी ४६०. पहिल्या मॉकमध्ये चाळीस-पन्नास गुण कमी पडत असतील तर ते स्केलच्या भाषेत तिन्ही भागांत मिळून १२ ते १५ होतात, आणि त्यातला निम्मा वाटा व्याकरणातून काढता येतो.

व्यवहार सरळ आहे: पावती मिळते, फी दोन हप्त्यांत घेतात, बुडालेली बैठक संध्याकाळच्या बॅचमध्ये भरून देतात. परीक्षेची फी यात धरलेली नाही. स्टेशनच्या पश्चिमेकडून चालत येता येतं. गाडी आणू नका, जागा मिळत नाही.

डेमोला व्याकरणाचाच तास दाखवतात, साहजिक आहे. तुम्ही ऐकण्याचा तास मागा, शेवटच्या बाकावर बसा, आणि फीत मध्येच थांबवतात का ते बघा.